कॅरोटीन कुठं जातंय पळून?

आमच्या वनस्पतीशास्त्र विभागात दर वर्षी काही ना काही संपतं. कधी ॲसिटोन, कधी फिल्टर पेपर, कधी मुलं. किस्से तेवढे संपत नाहीत. पेपर तपासायला नगरला गेले (अहिल्यानगर म्हणायचं असतं, पण एसटीत पाय ठेवला की तोंडातून नगरच निघतं) की चहाच्या सुट्टीत इतर कॉलेजांतल्या मॅडम माझ्याभोवती खुर्च्या ओढतात. "सांगा की, भापकर सरांनी यंदा काय केलं?" आता काय सांगू आणि काय ठेवू? एक सांगायला घेतला की त्याला चिकटून दुसरा येतो.

मी मूळची श्रीरामपूरची. लग्न होऊन कर्जतला आले आणि जामखेडच्या रस्त्यावरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे तास असेल तोवर मॅडम, घंटा झाली की तुमचा आमचा संबंध नाही. विभागात माणसं तीन. भापकर सर विभागप्रमुख. शिंदेमामा प्रयोगशाळेतले शिपाई. आणि तिसरी मी, म्हणजे काम करायला.

यंदा विद्यापीठाची समिती यायची होती. शेवटच्या वर्षाला वनस्पतीशास्त्र घेणारी मुलं बोटांवर मोजण्याएवढी उरलीत, तेव्हा पुढच्या वर्षीपासून हा वर्ग ठेवायचा की बंद करायचा, हे ती ठरवणार. बंद झाला असता तर सरांचं काही अडत नव्हतं, ते खालच्या वर्गांना शिकवत राहिले असते. अडत होतं कोमलचं.

कोमल दुसऱ्या वर्षाला. आई-बाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ही चुलतीकडे राहून शिकते. घरच्यांचा हिशेब सरळ: कॉलेज जवळ हाय तोवर शिक, नगरला हॉस्टेलवर धाडणार न्हाई. एकदा मला जिन्यात गाठून म्हणाली, "मॅडम, वर्ग बंद झाला तर माझा कोयता ठरलाय." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम तोडीला एकटं माणूस घेत नाही, जोडी घेतो. म्हणजे लग्न आणि नोकरी एकाच दिवशी. ती हे हसत सांगत होती.

\* \* \*

आता आमच्या विभागाची रीत सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

पानातले रंग वेगळे करायचा एक प्रयोग असतो. पालक वाटायचा, अर्क काढायचा, कागदाच्या पट्टीवर त्याचा थेंब द्यायचा आणि पट्टी काचेच्या बरणीत द्रावणात उभी करायची. द्रावण कागदावर चढतं आणि जाता जाता रंगांची फाळणी करतं. सगळ्यात वर पिवळं-केशरी कॅरोटीन, खाली पिवळं झँथोफिल, त्याच्याखाली निळसर हिरवं आणि पोपटी असं दोन तऱ्हेचं क्लोरोफिल. डोळ्यांदेखत होतं. मी शिकत असताना पहिल्यांदा बघितलं, तेव्हा घरी जाऊन आईला सांगितलं होतं.

आमच्याकडे रंग वेगळे होत नाहीत, आम्ही करतो. प्रॅक्टिकलला येताना मुलांनी काय आणायचं? एप्रन, पट्टी, स्केचपेनचं पाकीट. कोरा कागद कापायचा, त्यावर चार पट्टे ओढायचे आणि जर्नलात चिकटवायचा. प्रयोग संपला, मुलं चारच्या एसटीला मोकळी.

मी नवीन होते तेव्हा विचारलं, "सर, एकदा खरंच करून बघू या का?"

सर म्हणाले, "कशाला? कॅरोटीन कुठं जातंय पळून? पानात हायच की ते."

आर एफ व्हॅल्यूही सर प्रयोगाच्या आधीच फळ्यावर लिहून देतात. रंग किती चढला भागिले द्रावण किती चढलं, एवढाच तो आकडा. म्हणजे तो एकाच्या वर जाऊच शकत नाही, कारण रंग द्रावणाच्या पाठीवर बसून जातो. एका पोरानं घाईघाईत पट्टा असा ओढला की त्याचं उत्तर दीड आलं. कॅरोटीन द्रावणाला मागं टाकून पुढं पळालेलं. मी जर्नल सरांपुढे ठेवलं.

सरांनी सही केली. म्हणाले, "असू द्या. पोरगं हुशार हाय."

\* \* \*

समितीची तारीख जवळ आली तशी कोमल हट्टाला पेटली. मला खरा प्रयोग करायचाय म्हणे. समितीनं विचारलं तर हातात काहीतरी पाहिजे. मी म्हटलं, कर, सामान मागवू. द्रावणासाठी पेट्रोलियम इथर लागतं, ते मी मागणीपत्रात लिहून ऑफिसात दिलं.

आमच्या ऑफिसचे हेडक्लार्क काळे भाऊसाहेब. त्यांनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मॅडम, ह्याला नगरचा माल कशाला? पंप समोरच हाय."

मी समजावून सांगितलं की ते वेगळं असतं. ते "व्हय, व्हय" म्हणाले. मला वाटलं समजलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि वासानं डोकं गरगरलं. टेबलावर पाण्याच्या बाटलीत पेट्रोल. त्याच्याशेजारी स्पिरिटचा दिवा पेटवून, त्यावर बीकर ठेवून शिंदेमामांचा चहा चाललेला. मी ओरडले, दिवा विझवला, खिडक्या उघडल्या. मामा शांतपणे म्हणाले, "मॅडम, च्या झाल्यावर विझवतोच की मी. रोजचंच हाय."

बाटली घेऊन मी तडक ऑफिसात गेले. म्हटलं, भाऊसाहेब, आज सगळं कॉलेज उडालं असतं. त्यांनी बाटली उजेडात धरून बघितली आणि मामांना सांगितलं, "न्हे, सरांच्या स्कूटरमधी वत."

संध्याकाळी भापकर सर भेटले ते एकदम खुशीत. म्हणाले, "मॅडम, विभागाला सामान मिळत न्हाई म्हणता, आज बघा, टाकी भरून मिळालं."

\* \* \*

कोमल थांबणारी नव्हती. मावसबहिणीच्या पार्लरमधून नेलपॉलिश काढायचं पाणी घेऊन आली. त्यात ॲसिटोन असतं, हे तिनं बाटलीवर वाचलेलं. नुसत्या ॲसिटोननं सगळे रंग घोळक्यानं वर पळतात, वेगळे होत नाहीत. पण मी म्हटलं, करू दे, हात तरी बसेल.

तिनं पट्टी कापली, खाली रेघ मारली, थेंब दिला, बरणीत सोडली. हिरवा डाग सरसर वर गेला. आणि रेघेपासून वर एक जांभळा पट्टा आणि एक गुलाबी पट्टा सुटला. झकास, ठसठशीत.

सर नेमके तेव्हाच आत आले. पट्टी बघितली. "हे जांभळं पालकात कुठून आलं?" मग माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर एकदम तेज. "मॅडम, हे पुस्तकात न्हाई."

मी काही बोलायच्या आत पट्टीचा फोटो कॉलेजच्या ग्रुपवर. "आमच्या विभागात नवीन रंगद्रव्याचा शोध." खाली टाळ्या, हारतुरे, अंगठे. प्राचार्यांनी दुपारी सभागृहात सत्कार ठेवला. तालुक्याचा पत्रकारसुद्धा आला.

इकडे मी कोमलला विचारलं, "रेघ कशानं मारलीस गं?"

"बॉलपेननं."

रेघ पेन्सिलीनं मारायची असते. पेन्सिल जागची हलत नाही, बॉलपेनची शाई मात्र ॲसिटोनमध्ये विरघळते आणि तिच्यातले रंग सुटून वर चालू लागतात. कोमलनं कपाळावर हात मारला. मी धावत सभागृहात गेले. सर मंचावर बसलेले. मागून जाऊन कानात सांगितलं, "सर, ती बॉलपेनची शाई आहे."

सरांनी समोर बघत, हसरा चेहरा तसाच ठेवून मला उत्तर दिलं, "मॅडम, आधी शाल पडू द्या. शाईचं नंतर बघू."

\* \* \*

आमच्या प्रयोगशाळेत खिडकीसमोर एक चौकट टांगलेली होती. आत रंगांची पट्टी, चारही पट्टे कसे लखलखीत. खाली नाव: "आदर्श क्रोमॅटोग्राम". सरांनी विभाग हातात घेतला तेव्हाची. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवली जायची.

समितीच्या आधी संस्थेनं एका निवृत्त प्राध्यापकांना पाठवलं, काही कमी असेल तर सांगा म्हणून. पांढरेशुभ्र कपडे, बारीक आवाज, आणि आमच्या दुर्दैवानं ते खरोखरचे वनस्पतीशास्त्रवाले. चौकटीपुढे उभे राहिले.

"किती वर्षं झाली हिला?"

"झाली की बक्कळ," सर अभिमानानं म्हणाले.

"इथंच टांगलेली? उन्हात?"

"इथंच सर. सकाळी ऊन पडलं की लई सुंदर दिसती."

ते गृहस्थ हळू आवाजात म्हणाले, "भापकर, क्लोरोफिल उजेडात चार दिवसांत उडतं. आम्ही पट्ट्या अंधारात ठेवतो, तरी फिक्या पडतात. ही इतकी वर्षं कशी टिकली?"

मी जमिनीकडे बघितलं. शिंदेमामांनी बाहेर जायचा रस्ता धरला. भापकर सर मात्र जराही हलले नाहीत.

"आपल्याकडचा पालक हाय सर. दुष्काळी भाग. चिवटच असतोय."

त्या भल्या माणसानं चहाही घेतला नाही. जाताना जिन्यात मला म्हणाले, "समितीत वनस्पतीशास्त्राचा माणूस नसू दे, अशी प्रार्थना करा." मी त्यांना कोमलचं सांगणार होते, पण ते कठड्याला धरून उतरत होते आणि मला त्यांचीच दया आली.

\* \* \*

शेवटी पेट्रोलियम इथर मी माझ्या श्रीरामपूरच्या मैत्रिणीकडून आणलं. ती तिथल्या कॉलेजात शिकवते, तिच्याकडे कपाट भरून सामान. बाटली देताना म्हणाली, "अगं, तुमच्याकडे एवढंही नाही?" मी म्हटलं, आमच्याकडे स्केचपेन आहेत.

आता राहिला पालक. समिती आली ती ऐन उन्हाळ्यात. आमच्या भागात तेव्हा माणसाला पाणी मिळायची मारामार, पालक कोण लावतो? कोमल म्हणाली, "मॅडम, चुलतीच्या गोठ्यामागं घास हाय. हिरवागार." लसूणघास म्हणजे जनावरांचा चारा, पण पान ते पान. क्लोरोफिल काय पालकाच्याच घरचं आहे होय?

सर कडाडले. "समितीपुढं म्हशीचा चारा मांडायचा? अभ्यासक्रमात पालक लिहिलाय, पालकच पाहिजे." मामांना गाडी देऊन पाठवलं. "पालक घेतल्याबिगर परत यायचं न्हाई."

मामा जामखेडपर्यंत जाऊन दुपारी आले. हातात धाब्याचं पार्सल.

"मामा, हे काय?"

"पालक पनीर. सर म्हणले पालक घेतल्याबिगर येऊ नगा. बाजारात न्हाई, धाब्यावर हुता."

मला हसावं की रडावं कळेना. सरांनी पिशवीची गाठ सोडली, वाकून वास घेतला आणि गंभीरपणे मला विचारलं, "मॅडम, पनीर काढून जमंल का?"

नाही म्हटलं. मग त्यांनी मामांना पाव आणायला सांगितलं. कोमल तेवढ्यात खाली जाऊन सायकलवरून घास घेऊन आली.

\* \* \*

समितीचा दिवस. तिघे आले. अध्यक्ष वाणिज्यचे, दुसरे भूगोलाचे, तिसरे कोण होते ते शेवटपर्यंत कळलं नाही, ते फोनवरच होते. वनस्पतीशास्त्राचा कुणीच नाही. भापकर सरांनी देवाला हात जोडले, खोटं कशाला सांगू, मीही जोडले.

मुलं कमी दिसू नयेत म्हणून सरांनी कला शाखेतली चार-पाच पोरं उचलून, एप्रन घालून, खालच्या हॉलमध्ये बसवली होती. भूगोलवाल्यांनी पहिल्यालाच विचारलं, "आवडता विषय कोणता?"

पोरगं उभं राहिलं आणि ठणकावून म्हणालं, "इतिहास."

आता संपलं, कोमलचा कोयता पक्का.

सर पुढं झाले. "वनस्पतीचा इतिहास म्हणतोय सर तो. जीवाश्मांचा पेपर असतो आमच्याकडं."

भूगोलवाले म्हणाले, "उत्तम. असा व्यासंग पाहिजे." पोरगं गोंधळून खाली बसलं. त्याला म्हणे परीक्षेनंतरही कुणीतरी विचारत होतं, जीवाश्मांचा पेपर कसा गेला?

\* \* \*

आणि आता हा शेवटचा. त्याच दिवसाचा.

वर प्रयोगशाळेत कोमल सकाळपासून तयार होती. घास वाटून अर्क काढलेला, पट्टी कापलेली, या खेपेला रेघ पेन्सिलीची. अर्काचा थेंब द्यायचा, वाळू द्यायचा, त्याच्यावरच पुन्हा द्यायचा, असं तिनं कितीतरी वेळा केलं होतं. म्हणाली, "मॅडम, समितीची पावलं जिन्यात वाजली की बरणीत सोडते. त्यांच्यापुढंच चढू दे."

अध्यक्ष जिन्यापर्यंत आले. वर बघितलं. "किती मजले?"

"दोनच, सर," मी म्हटलं.

"माझे गुडघे." त्यांनी भापकर सरांकडे बघितलं. सरांनी काळे भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेब म्हणाले, "जेवण तयार हाय. शिपी आमटी केलीय, गार झाली की मजा जाती."

झालं. समिती वळली ती थेट पंगतीकडे. मी सरांना म्हटलं, "सर, ती पोरगी वर थांबलीय. अर्ध्या तासाचा प्रयोग आहे, जेवणानंतर तरी घेऊन चला." सर म्हणाले, "तुमी आधी वाढायचं बघा." विभागात बाई एकच, तेव्हा भाकऱ्या कुणी वाढायच्या हा प्रश्न पडतच नाही. माझ्या डोक्यात राग असा उसळला होता की अध्यक्षांच्या ताटात मी लसणाची चटणी दोनदा वाढली.

कर्जतची शिपी आमटी, तिखटजाळ. अध्यक्षांच्या कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, आणि हात थांबत नाही. "वा, भापकर, वा." भाऊसाहेबांनी बरोबर वेळ साधून अहवाल ताटाशेजारी ठेवला. अध्यक्षांचा उजवा हात आमटीत. त्यांनी विचारलं, "प्रयोग वगैरे होतात ना व्यवस्थित?"

"एकही चुकत न्हाई सर," भापकर सर म्हणाले. आणि हे मात्र खरं होतं. स्केचपेन कधी चुकत नाही.

अध्यक्षांनी डाव्या हातानं सही केली. वर्ग राहिला.

मी वाटी तिथंच ठेवून जिना चढले. भापकर सरही मागोमाग आले, धापा टाकत, तोंडात विडा. त्यांनाच बातमी सांगायची होती.

कोमलनं खिडक्यांना जुने पडदे लावून घेतले होते, रंग उडू नयेत म्हणून. पावलं काही वाजली नाहीत, तेव्हा वाट बघून बघून शेवटी तिनं पट्टी सोडली होती. बरणीवर काळं कापड. भर उन्हाळ्यात त्या बंद खोलीत घामानं भिजून ती स्टुलावर बसलेली.

"झालं, कोमल! वर्ग ऱ्हायला," सर दारातूनच म्हणाले. "जा, खाली जेवून घे."

ती उठली नाही. आधी तिला ते कळलंच नसावं. मग तिनं ओढणीनं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "समिती येनार न्हाई व्हय वर?"

"सही झाली की. आता कशाला येतीया?"

"मग सर, तुमी तरी बघा."

तिनं कापड काढलं, चिमट्यानं पट्टी उचलली आणि सरांच्या पुढे धरली. फिकट होती, पण होती. वर केशरी-पिवळी झाक. खाली पिवळा पट्टा. त्याच्याखाली निळसर हिरवा. मग पोपटी. चौघं आपापल्या जागी. मला सोळा-सतराव्या वर्षीची मीच आठवले आणि मी चक्क रडले.

सरांनी पट्टी हातात घेतली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. पडद्याच्या फटीशी गेले, उजेडात धरून वरून खाली बघितली, खालून वर बघितली. विडा चघळायचा थांबला. तोंडातून हळूच निघालं, "हे असं येतंय व्हय."

खालून पंगतीचा आवाज येत होता.

सरांनी पट्टी जपून, दोन बोटांत धरून, कोमलच्या हातात परत दिली.

"चांगली आलीय गं," ते म्हणाले. "आता जर्नलात लावायच्या आधी स्केचपेननं जरा गिरवून घे."